गणिताची श्रेणी कशी ठरते

परीक्षेचा निकाल पूर्वीं कॉलेजच्या फळ्यावर लागत असे. हल्लीं तो मुलांच्या हातांतल्या फोनवर येतो. साधन बदललें, पण निकालाच्या दिवशीं घरांत जी धडधड असते ती कांहीं बदललेली नाहीं. अशाच एका घरांत विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपला पहिल्या सत्राचा निकाल वाचून दाखवीत आहे, अशी कल्पना करावी. पदार्थविज्ञान 'ए', रसायन 'ए', भाषा 'ए प्लस', पर्यावरण 'ओ', आणि गणित 'बी'. आजोबा चष्मा सांवरून विचारतात, "अगं, तें अक्षर राहूं दे बाजूला. मार्क किती पडले तें सांग." मुलगी म्हणते, "शंभरांत एकूणसाठ, आजोबा. पण आतां मार्क कोणी विचारीत नाहीं, श्रेणीच विचारतात." आजोबांच्या काळीं साठ म्हणजे पहिला वर्ग. तो एका गुणानें हुकला, एवढेंच त्यांना कळतें. वडिलांची काळजी निराळीच असते. पुढच्या प्रवेशासाठीं सरासरी आठ लागते असें त्यांनीं कोठें तरी वाचलेलें असतें, आणि निकालाच्या तळाशीं आंकडा आहे ७.८८.

हा प्रसंग कल्पित असला तरी श्रोत्यांपैकीं पुष्कळांना तो आपल्याच घरांतला वाटेल. 'बी' हें एक अक्षर कोणी बसवलें, आणि त्याचे ७.८८ कसे झाले, हें मात्र त्या घरांत बहुधा कोणालाच सांगतां येत नाहीं. मुलांनाहि नाहीं. वस्तुतः त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. परंतु तें समजून घ्यावयाचें तर अक्षरापासून आरंभ न करतां उत्तरपत्रिकेपासून करावा लागतो.

गणिताच्या बाबतींत लोकांची एक ठाम समजूत असते. निबंध तपासणाराची आवडनिवड आड येईल, इतिहासांत मतभेद होतील. पण गणितांत उत्तर एक तर बरोबर असतें, नाहीं तर चूक, तेव्हां तेथें परीक्षकाला करण्यासारखें उरतें काय? ही समजूत पाढ्यांच्या परीक्षेपुरती खरी आहे. कॉलेजांतल्या गणिताला ती लागू पडत नाहीं. एक साधा प्रश्न घेऊं. एका पॅराबोलाचें समीकरण आहे 'य बरोबर क्ष चा वर्ग', आणि एका सरळ रेषेचें आहे 'य बरोबर क्ष अधिक दोन'. ह्या दोहोंच्या मध्यें सांपडलेलें क्षेत्रफळ काढावयाचें आहे. गुण आठ. प्रश्न काढणारानें बरोबर एक गुणांचा आराखडा दिलेला असतो. रेषा वक्राला कोठें छेदते तें काढण्यास दोन, आकृतीस एक, इंटिग्रेशनच्या मांडणीस दोन, तें करण्यास दोन आणि शेवटच्या उत्तरास एक. छेदबिंदु येतात उणें एक आणि दोन या ठिकाणीं, व क्षेत्रफळ येतें साडेचार.

आतां आपल्या विद्यार्थिनीनें समीकरण बरोबर मांडलें, पण घाईंत चिन्हें उलटीं घेतलीं आणि उणें दोन व एक अशा किंमती काढल्या. पुढचें सारें काम तिनें निर्दोष केलें. उत्तर आलें दीड. तें शून्याहून मोठें असल्यामुळें तिला शंकाहि आली नाहीं. आकृति तिनें काढलीच नव्हती. हिला गुण किती द्यावयाचे?

एक परीक्षक म्हणेल, समीकरण बरोबर म्हणून एक गुण. आकृति नाहीं, शून्य. मांडणीची रीत बरोबर, दोन. इंटिग्रेशन बिनचूक, दोन. उत्तर चूक, शून्य. एकूण पांच. एका चुकीची शिक्षा पुन्हां पुन्हां करूं नये, हें त्याचें तत्त्व. दुसरा तितकाच प्रामाणिक परीक्षक म्हणेल, हिनें आकृति काढली असती तर उणें दोनपासून उणें एकपर्यंत रेषा वक्राच्या खालीं आहे हें हिला तत्काळ दिसलें असतें. वरच्यांतून खालचें वजा करावयाचें, ही रीत हिनें पाठ केली आहे, समजून घेतलेली नाहीं. म्हणून मांडणीस एक, इंटिग्रेशनला एक, समीकरणास एक, एकूण तीन. दोघांपैकीं अन्याय कोणीच केला नाहीं. तरी आठ गुणांच्या एका प्रश्नांत दोन गुणांचें अंतर पडलें, आणि तिला हवा होता एकच गुण.

हें केवळ तर्कानें म्हटलेलें नाहीं. १९१३ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठांतील डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनीं भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून त्या अनेक शाळांतील गणितशिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. शंभराहून अधिक शिक्षकांनीं तपासून परत केल्या. उत्तरपत्रिका तीच, अक्षर तेंच, चुका त्याच. पण कोणी शंभरांत तीसहूनहि कमी गुण दिले, तर कोणी नव्वदाहूनहि अधिक. आदल्या वर्षीं त्यांनीं हाच प्रयोग इंग्रजीच्या पेपरांवर केला होता, आणि गणितांतली तफावत त्याहून कमी निघाली नाहीं. कोणी मांडणीला महत्त्व दिलें होतें, कोणी नेटकेपणाला, कोणी अर्धवट सिद्धतेला अर्धे गुण दिले होते तर कोणी कांहींच दिले नव्हते.

ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु सर फिलिप हार्टाग यांचें नांव आपल्याकडे शिक्षणविषयक समितीमुळें परिचित आहे. त्यांनीं व ई. सी. ऱ्होड्स यांनीं १९३५ सालीं इंग्लंडांतील परीक्षांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तींत याहूनहि विलक्षण गोष्ट आढळते. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनीं तपासल्या, आणि वर्षाहून अधिक काळानें त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांनीं पुन्हां तपासल्या. २१० निर्णयांपैकीं ९२ निर्णय बदलले. म्हणजे परीक्षकाचें दुसऱ्या परीक्षकाशींच नव्हे, तर स्वतःशींहि जुळलें नाहीं. एजवर्थ या गणितज्ञानें १८८८ सालींच असें दाखविण्याचा प्रयत्न केला होता कीं, तारा पाहणाराच्या निरीक्षणांत जशी चूक राहते, तशीच ती परीक्षकाच्या गुणांतहि राहते व तिचाहि हिशेब करतां येतो. तारे मोजणारांनीं तो हिशेब मुकाट्यानें मान्य केला. परीक्षा घेणारांस तो अजून जड जातो.

ही तफावत कमी करण्याचे उपाय कॉलेजें व विद्यापीठें करीत नाहींत असें नाहीं. आराखडा तपशीलवार करतात, मुख्य परीक्षक कांहीं उत्तरपत्रिका स्वतः पाहतो, कोठें एकच प्रश्न सर्व विद्यार्थ्यांचा एकाच माणसाकडे देतात. ह्या शेवटच्या उपायाचा गणितांत फार उपयोग होतो; कारण माणूस कडक असला तरी निदान सर्वांना सारखा कडक राहतो.

असो. उत्तरपत्रिकेंतून आंकडा निघाला. पण तोहि एकटा नसतो. पूर्वीं वर्षअखेरच्या तीन तासांत सगळा निकाल लागे. आतां सत्राच्या मध्यें चांचण्या, गृहपाठ, तोंडी परीक्षा यांचे अंतर्गत गुण असतात व सत्राच्या शेवटीं लेखी परीक्षेचे. प्रमाण ठिकठिकाणीं वेगळें. ४० अंतर्गत व ६० लेखी असें धरून चालूं. आपल्या विद्यार्थिनीला अंतर्गत ४० पैकीं ३१ व लेखींत ६० पैकीं २८ मिळाले. बेरीज ५९.

येथें एक खांच असते ती घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही भागांत निरनिराळें उत्तीर्ण व्हावें लागतें. प्रत्येकांत शेंकडा चाळीस असा नियम असेल तर अंतर्गतमध्यें १६ आणि लेखींत २४ हवेत. एका मुलाला अंतर्गत ३६ व लेखी २२ मिळाले, बेरीज ५८, तो नापास. त्याच्या शेजारच्याला १७ व २५ मिळाले, बेरीज ४२; तो पास. बेरजेकडे पाहून बाप मुलाचें अभिनंदन करतो आणि मुलगा खालीं मान घालून बसतो, तें अशा वेळीं. नियम वाईट आहे असें म्हणतां येणार नाहीं. वर्षभर वह्या पूर्ण करून परीक्षेंत कांहींच न येणें, हें गणितांत तरी उत्तीर्ण होणें नव्हे. पण नियम काय आहे तें सत्राच्या आरंभींच पाहून ठेवलें पाहिजे, शेवटीं नव्हे.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाहीं. अंतर्गत गुणांचें वजन शंभरांत चाळीस, असें नियमांत लिहिलेलें असतें. परंतु शिक्षकानें सर्वांना ३० ते ३६ च्या दरम्यानच गुण दिले, तर त्यांतून कोणाकोणांत फरक पडणार तो सहा गुणांचा. लेखींत मात्र गुण ८ पासून ५५ पर्यंत पसरलेले. म्हणजे कोण पुढें व कोण मागें हें ठरवितांना चाळीस गुणांचा तो भाग जवळजवळ मुका असतो. वजन कागदावर किती आहे यापेक्षां गुण किती पसरले आहेत यावर खरें वजन अवलंबून असतें. हें ओळखून असणारा शिक्षक गृहपाठालाहि हात राखून गुण देतो, आणि मुलें त्याला कंजूष म्हणतात.

मग एवढ्या मेहनतीनें काढलेल्या ५९ चें 'बी' कशाला करावयाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर केंब्रिजच्या इतिहासांत सांपडतें, आणि तो इतिहास मराठी घरांना अगदींच परका नाहीं. तेथील मॅथेमॅटिकल ट्रायपॉस ह्या परीक्षेंत प्रत्येकाला गुणानुक्रमें नंबर मिळे. पहिल्या वर्गांत येणारे ते रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनिअर रँग्लर. १८९९ सालीं हा मान रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरडीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांस, जॉर्ज बर्टविसल याच्या बरोबरीनें मिळाला, आणि रँग्लर हा शब्द मराठींत कायमचा आला. पण ह्या नंबरांमागचे गुण पाहिले तर मती गुंग होते. गॉल्टननें १८६९ सालच्या आपल्या ग्रंथांत एका वर्षाचे आंकडे दिले आहेत. एकूण गुण १७,०००. पहिल्या रँग्लरला ७,६३४, दुसऱ्याला ४,१२३, आणि यादींतल्या शेवटच्याला २३७. पहिल्या व दुसऱ्या नंबरांत साडेतीन हजार गुणांची दरी, आणि त्याच यादींत खालीं अशींहि माणसें असणार कीं ज्यांच्यांत थोड्याशा गुणांचाच फरक. नंबर मात्र सर्वांचे एकाएका पायरीनें उतरणारे. बरें, पहिला आलेला पुढेंहि पहिलाच राहिला, असेंहि नाहीं. १८५४ सालीं राऊथ पहिला आला व जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा. राऊथ रँग्लर तयार करण्याच्या कामांत नांवाजला. मॅक्सवेलचीं समीकरणें आज जगभर शिकवितात.

नंबरासाठीं खासगी शिक्षक ठेवावयाचे, वेगानें उदाहरणें सोडविण्याची तालीम घ्यावयाची, आणि गणित म्हणजे काय हें शिकावयाचेंच राहून जावयाचें, अशी अवस्था झाल्यावर जी. एच्. हार्डी यांच्यासारखे तरुण गणिती तिच्याविरुद्ध उभे राहिले. स्वतः हार्डी १८९८ सालीं चौथे आले होते. १९०९ नंतर नंबर लावणें बंद झालें. वर्ग तेवढे राहिले, आणि वर्गांतलीं नांवें वर्णानुक्रमें छापूं लागले. त्यानंतरच्या काळांत रँग्लर झालेले महाजनी असोत वा विष्णु वासुदेव व जयंत विष्णु हे नारळीकर पिता-पुत्र असोत, त्यांच्या पदवीचा अर्थ प्रथम वर्ग असा आहे, अमुक नंबर असा नव्हे.

श्रेणीमागचा विचार हाच. परीक्षकांच्या हातून दोन-चार गुण इकडे तिकडे होणारच, तर ५९ आणि ५७ यांत फरक आहे असें भासवूं नये. त्या सर्वांना एक अक्षर द्यावें. भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ च्या सुमारास जी दशमान श्रेणीपद्धति सुचविली, तींत 'ओ' ला १०, 'ए प्लस' ला ९, 'ए' ला ८, 'बी प्लस' ला ७, 'बी' ला ६, 'सी' ला ५, 'पी' ला ४ आणि 'एफ' ला शून्य असे बिंदु आहेत. कोणत्या गुणाला कोणतें अक्षर द्यावयाचें हें विद्यापीठें आपापल्या कोष्टकानें ठरवितात. ५५ ते ६० च्या आंत 'बी' व ६० ते ७० च्या आंत 'बी प्लस', असें एक कोष्टक घेतलें, तर आपल्या विद्यार्थिनीला 'बी' कां मिळालें तें उघड होतें.

पण विचार उदात्त असला तरी अंकगणित निर्दय आहे. अक्षरांनीं ५७ व ५९ यांतला भेद पुसला खरा. त्याबरोबर ५९ व ६० यांतला भेद मात्र पूर्वींपेक्षां मोठा केला. ६० वाला व ६९ वाला आतां एकाच बांकावर बसतात, आणि ५९ वाली एक पायरी खालीं. शिडीला पायऱ्या कमी केल्या म्हणजे प्रत्येक पायरी उंच होते.

ती किती उंच होते हें पाहण्यासाठीं सरासरी काढावी लागेल. येथें श्रेयांक, म्हणजे मुलें ज्याला क्रेडिट म्हणतात, तें येतें. आठवड्याला एक तासाचें व्याख्यान सत्रभर चाललें कीं एक श्रेयांक; प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक. आपल्या विद्यार्थिनीचे गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय प्रत्येकीं ४ श्रेयांकांचे. भाषा व पर्यावरण २-२ श्रेयांकांचे. एकूण १६. प्रत्येक विषयाचे बिंदु त्याच्या श्रेयांकांनीं गुणावयाचे. गणित ४ गुणिलें ६, म्हणजे २४, पदार्थविज्ञान ३२, रसायन ३२, भाषा २ गुणिलें ९, म्हणजे १८, पर्यावरण २०. बेरीज १२६. तिला १६ नें भागलें कीं ७.८७५, म्हणजे छापील निकालांतले ७.८८. पांच विषयांची साधी सरासरी काढली असती तर ८.२ आली असती; पण पर्यावरणाचे दहा बिंदु हलके आहेत आणि गणिताचे सहा जड.

आतां गणितांत तिला एकूणसाठाऐवजीं साठ मिळाले असते तर? ४ गुणिलें ७, अठ्ठावीस, बेरीज १३०, सरासरी ८.१३. एका गुणानें पाव बिंदु हालला, आणि वडिलांनीं वाचलेली आठची रेघ ओलांडली गेली. तो एक गुण त्या चिन्हांच्या घाईंत गेला, कीं परीक्षकाच्या तत्त्वांत, हें आंकडा सांगत नाहीं.

जातां जातां एक. ही सरासरी साडेनवांनीं गुणून शेंकडेवारी काढण्याची रीत पुष्कळ घरांत प्रचलित आहे. ती केंद्रीय मंडळानें आपल्या दहावीच्या निकालासाठीं घातली होती. कॉलेजच्या श्रेणीला ती लावूं नये. प्रत्येक विद्यापीठाचें रूपांतराचें सूत्र त्याचें त्याचें असतें, आणि अर्ज भरतांना तेंच ग्राह्य धरतात.

वर सांगितलेली पद्धति निरपेक्ष श्रेणीची. दुसरी सापेक्ष, जींत विद्यार्थ्याचे गुण वर्गाशीं ताडून पाहतात. ती कांहीं मोठ्या तंत्रशिक्षणसंस्थांतून चालते. समजा गणिताचा पेपर फार कठीण निघाला, वर्गाची सरासरी ३८ आली, आणि गुण सरासरीपासून साधारणपणें किती दूर पसरतात हें दाखविणारें प्रमाण विचलन १२ आलें. तेथें ५० गुण मिळविणारा सरासरीच्या एक विचलन वर आहे. दुसऱ्या सोप्या पेपरांत सरासरी ६२ व विचलन ८ असेल, तर ६६ मिळविणारा केवळ अर्धे विचलन वर आहे. म्हणून पहिल्याचे पन्नास दुसऱ्याच्या सहासष्टांहून सरस. पेपर कठीण काढल्याचा दोष यांत मुलांच्या माथीं बसत नाहीं, हा ह्या पद्धतीचा गुण.

तिचा दोष असा कीं, ती वर्ग मोठा आहे आणि गुण घंटेच्या आकाराच्या वक्रावर पसरलेले आहेत असें गृहीत धरते. गणिताचा विशेष विषय घेणाऱ्या बारा मुलांच्या वर्गांत घंटा कोठून येणार? शिवाय गणिताचे गुण पुष्कळदां उंटासारखे असतात. ज्यांना विषय उमगला त्यांचें एक मदार, ज्यांना नाहीं त्यांचें दुसरें, आणि सरासरी मधल्या खळग्यांत, जेथें कोणीच नसतो. अशा वर्गांत सरासरीवरून अक्षरें वांटणें म्हणजे दोन गांवांच्या मध्यें ओसाड माळावर शाळा बांधण्यासारखें आहे. याहूनहि वाईट म्हणजे शेजाऱ्याला समजावून सांगितलें तर आपलेंच अक्षर उतरेल, अशी भीति मुलांच्या मनांत शिरते. गणित तर शेजाऱ्याला समजावून सांगतां सांगतांच पक्कें होतें.

आपल्या विद्यार्थिनीच्या कॉलेजांत निरपेक्ष पद्धति आहे, तेव्हां तिला वर्गाकडे पाहण्याचें कारण नाहीं. तिनें पाहावयाची ती स्वतःची उत्तरपत्रिका. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं असा निर्णय दिला कीं, माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जांची मुदत मात्र थोड्या दिवसांची असते. रुसण्यांत आठवडा घालविला तर ती टळून जाते. छायाप्रत हातीं आल्यावर प्रथम बेरीज करावी. आंतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठावर उतरले आहेत कीं नाहींत, पुरवणी धरली आहे कीं नाहीं, एखादा प्रश्न तपासावयाचा राहिला आहे काय, हें पाहावें. असल्या चुका वादाच्या नसतात आणि तत्काळ दुरुस्त होतात. त्यानंतर तत्त्वाचा प्रश्न. आराखडा मिळाल्यास तो शेजारीं ठेवून गणिताच्या शिक्षकांना दाखवावें, व त्यांनीं होकार दिला तरच पुनर्मूल्यांकन मागावें. दुसरा परीक्षक गुण वाढवितो तसे कमीहि करूं शकतो, आणि कमी झालेले गुण कोठें कोठें तसेच ग्राह्य धरतात. तो नियम अर्जाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत छापलेला असतो.

आजोबांनीं चष्मा काढून ठेवला होता तो पुन्हां लावून क्षेत्रफळाचें तें उदाहरण मागून घेतलें आहे. आकृति काढतांच त्यांना रेषा खालीं गेलेली दिसते. "इथें घसरलीस बघ," ते म्हणतात, आणि मुलगी अर्जाचा कागद बाजूला न सारतां, त्याच्याच कोपऱ्यावर पुन्हां दोन आणि उणें एक घेऊन साडेचार येतात का तें पाहूं लागते.